बिनमिठाची आमटी

चाळीसच्या वर संस्थांचं एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, एकमत झालं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि आजूबाजूचे चेहरे न्याहाळायला लागले. माझा स्वभावच तसा आहे. सारी नोकरी मी एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली. बायको, डॉक्टर आणि सरपंच असे तिघे एकच हकीकत एकाच शब्दांत सांगायला लागले की मी ओळखायचे, यांची तालीम झालेली आहे. खरं बोलणारी माणसं एकमेकांशी वाद घालतात.

आणि ही माणसं तर नुसत्या नावावरून दोन वर्षं भांडली होती. देशभरातल्या वृद्धाश्रमांसाठी एक महासंघ उभारायचा, एवढीच मूळ कल्पना. म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचं आणि पथ्याचं कुणीतरी बघतं. पण 'मी मेल्यावर पुढे काय', 'मी जगलो ते कशासाठी', 'देवानं माझ्याच वाट्याला हे का दिलं' असं ती विचारतात तेव्हा शेजारी बसणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक आश्रमात एक शिकवून तयार केलेलं माणूस ठेवायचं, ज्या-त्या माणसाच्या श्रद्धेप्रमाणे, आणि श्रद्धा नसेल तर तिच्यावाचून, त्याचं ऐकून घेणारं. कल्पना मला मनापासून आवडली होती. पण नावात 'आत्मा' नको म्हणून विहारांचे प्रतिनिधी उठून गेले, 'अध्यात्म' नको म्हणून विवेकवादी मंडळी उठून गेली, आणि दोन्ही शब्द काढल्यावर मठांचे लोक रुसले. शेवटी 'ज्येष्ठ अंतरंग सेवा महासंघ' ठरलं, कारण 'अंतरंग' म्हणजे नेमकं काय ते कुणालाच सांगता येईना.

त्या दुपारी नागपूरच्या सभागृहात डॉ. नंदन शेजवळ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञानं एक पट्टी टेबलावर ठेवली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून खेळाडू बांधतात तसली, जरा जाड. तिचं नाव 'निवांत'.

"माणूस काही काम करत नसतो तेव्हा मेंदूचा एक भाग जास्तच काम करतो," शेजवळ म्हणाले. सडपातळ माणूस, आवाज हळू. "डोक्याच्या मागच्या बाजूला, आत मध्यभागी. तो सतत एकच सूत कातत बसतो. मी, माझं, माझ्या बाबतीत असं का झालं. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांमध्ये हा भाग शांत झालेला दिसतो. सोनोग्राफीत वापरतो तसल्याच ध्वनिलहरी या पट्टीतून अगदी सौम्य ताकदीनं त्या एका बिंदूवर एकवटतात. शस्त्रक्रिया नाही, गोळी नाही. पेशी काही तास गप्प राहतात. रोज लावली तर हळूहळू त्यांना गप्प राहायची सवय लागते."

त्यांनी आधीची आणि नंतरची चित्रं दाखवली. मग मरणाच्या भीतीनं झोप उडालेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती दाखवल्या. पट्टी लावल्यावर तीच माणसं शांतपणे सांगत होती, "मरण येईल तेव्हा येईल."

यात कुणाचाच देव नव्हता, त्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. मठवाले म्हणाले, आम्ही हेच सांगत आलोय. भंते म्हणाले, आम्हीही. विवेकवादी म्हणाले, हे तर मोजता येतं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या गडबडीत निमंत्रकांनी जाहीर केलं की ऐकून घेणारी माणसं तयार करण्याचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ.

तो विषय पुढे ढकललेला मी एकटीनंच ऐकला असावा. महासंघानं मला पडताळणीसाठी नेमलं होतं. पट्टी जिथे आधीपासून वापरात आहे असा एखादा आश्रम बघून मी अहवाल द्यायचा होता. यादीत मिरजेचा आश्रम होता. तिथे माझी आई राहते आणि ही पट्टी मी तिथे पाहिलेली आहे, हे मी निमंत्रकांना आधीच सांगितलं.

"उत्तमच की बंडगरबाई," ते म्हणाले. "मग तुम्हाला आतलं कळेल."

*

माझी आई शालन बंडगर मिरजेच्या आश्रमात स्वतःहून राहायला गेली. पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये ती महिनाभर राहिली आणि म्हणाली, "इथं भांडायला कोन हाय?" आश्रमात भांडायला माणसं भरपूर होती. शिवाय खंडोबा तिनं बरोबरच नेला होता.

आईचं खंडोबाशी भांडण आहे. आठ वर्षांपूर्वी कृष्णेला पूर आला तेव्हा माझा धाकटा भाऊ दिगू माणसं काढायला बोट घेऊन गेला. बोटीनं दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीहून ती परत आली नाही, आणि दिगूचं काहीच सापडलं नाही. आठवडाभरानं आईनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक उचलला आणि पितळेच्या वाडग्यात पाण्याखाली ठेवला. आमच्याकडे मागणं पुरं होईपर्यंत देव पाण्यात ठेवतात. पण आईनं मागणं मागितलं नाही, दम दिला. "माझ्या लेकराला पान्यानं न्हेलं. आता तूबी बस पान्यात. बघ कसं वाटतंय. त्याला आनून दे, मग भायेर काढते."

मी खोलीत शिरले तेव्हा सकाळचं भांडण रंगात आलं होतं.

"लाज हाय का रं तुला? माझ्या हातचा भंडारा घेतोस, पुरनपोळी खातोस, घोड्यावर बसून मिरवतोस. आन एक पोरगं सोडवून आनवंना व्हय तुला?" मग माझ्याकडे वळून, "आलीस? बस. आदी त्येचं पानी बदल."

मी वाडगा उचलला, बेसिनपाशी नेला, टाक हलक्या हातानं काढून पाणी ओतलं आणि ताजं भरलं. दर खेपेला हे मीच करते. दिगू परत येणार नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं होतं. कितीतरी बेपत्ता माणसांच्या फायली मी स्वतः बंद केल्या आहेत. पण आईसमोर हा विषय मी कधी काढला नाही. तिची आशा त्या वाडग्यात होती, आणि ती माझ्या तोंडून मोडावी असं मला वाटेना.

कोपऱ्यातल्या स्टुलावर रेहाना मुजावर बसली होती. ही आश्रमातली ऐकून घेणारी बाई. महासंघ व्हायच्या आधीपासून ती हेच काम करत होती. रोज सकाळी येऊन आईच्या शिव्या ऐकायची. पहिल्या दिवशी आईनं तिला विचारलं होतं, "तुला चालंल का माझा खंडोबा?" त्यावर रेहाना म्हणाली, "मावशी, भांडण तुमच्या दोघांचं. मी मधी कशाला पडू?" तेव्हापासून दोघींचं जमलं.

बाहेर पडताना रेहाना म्हणाली, "ताई, ऑफिसातनं परत विचारलंय. मावशींच्या पट्टीच्या होकारावर तुमची सही पाहिजे म्हणून. शेजारच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणतात."

"नाही देणार."

"मी पण नकोच म्हणाले. पण माझं कोण ऐकतंय? आता पट्ट्या लावणं हेच माझं काम झालंय. डोक्याच्या मागे जेल लावायचं, बटण दाबायचं, पुढच्या खोलीत जायचं."

आईचं भांडण गेलं तर आईच गेली, असं मला वाटत होतं. पट्टी लावलेली माणसं मी येता-जाता पाहिली होती. त्यांना कसलाच त्रास नव्हता. बाहेरही लोक आता 'आमच्या वडिलांना निवांत केलं' असं बोलायला लागले होते आणि बोलताना त्यांचा चेहरा सुटल्यासारखा दिसायचा. माझ्या आईला कुणी निवांत करावं हे मला सहन होणार नव्हतं. मी अहवालासाठी आले होते खरी, पण मनातून मी आईला राखायलाच आले होते.

*

आश्रमाच्या कचेरीत मला एक गोष्ट खटकली. पट्टी सुरू झाल्यापासून पट्टीवाल्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती. व्यवस्थापक हे मोठ्या अभिमानानं सांगत होते. माझ्या कपाळाला आठी पडली. चाळीस-पन्नास म्हातारी माणसं एका छताखाली राहतात आणि चहा गार होता म्हणून कुणी बोलत नाही, हे काही नैसर्गिक नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथल्या बाईंना म्हटलं, आज आमटीत मीठ घालू नका. त्या आधी घाबरल्या. मग पदराआड हसल्या आणि तयार झाल्या.

जेवणाच्या दालनात खिडकीकडच्या टेबलांवर पट्टीवाले बसत, दाराकडे बाकीचे. वाढप झालं. दाराकडे पहिला घास घेताच गोंधळ सुरू झाला. कुणी वाटी आपटली, कुणी स्वयंपाकघराच्या दिशेनं हात वर केला. आई तर उभीच राहिली.

"कोन हाय गं आत? आमटी हाय का भांडी धुतल्यालं पानी? बीपीवाल्यांचं मीठ कमी करा म्हनलं तर समद्यांचंच मीठ खाल्लं व्हय?"

खिडकीकडे सगळे शांतपणे जेवत होते. आमटी संपवून त्यांनी वाट्या बाजूला ठेवल्या. एकानंही मीठ मागितलं नाही.

मी त्यांच्यातल्या गुरवसरांपाशी जाऊन बसले. हे गणिताचे निवृत्त मास्तर. वर्षापूर्वीपर्यंत पोह्यात शेंगदाणे कमी पडले तरी व्यवस्थापकांना जिन्यात गाठणारे. त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे केस जेलनं चिकटून बसले होते.

"सर, आमटी कशी होती?"

"मीठ नव्हतं."

"मग बोलला नाहीत?"

"नव्हतं, इतकंच." ते हसले. "मी पूर्वी फार बोलायचो, नाही का?"

म्हणजे जीभ शाबूत होती. चव कळत होती. फक्त कळल्यानंतर माणसाच्या आत जे उसळतं, ते उसळत नव्हतं. माझ्या मनात एकदम एक घाणेरडी शंका आली आणि मी विचारलं, "सर, तुमचं काही दुखतंय का?"

"पाय दुखतो," ते म्हणाले. आज सोमवार आहे, असं सांगावं तसं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

मी खाली वाकून त्यांचा मोजा काढला. वास आला आणि मी तोंड फिरवलं. सरांना मधुमेह होता. पायाची दोन बोटं काळी पडली होती. आमटीवरून चाललेली ओरड तोवर थांबली होती आणि दाराकडची माणसं उठून आमच्याभोवती जमली होती. आई सगळ्यांत पुढे होती.

"सर, कुणाला सांगितलं का नाही हो?" माझा आवाज चढला होता.

"कुणी विचारलं नाही," गुरवसर म्हणाले.

त्यांना लगेच दवाखान्यात हलवलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. त्याबद्दलही त्यांनी तक्रार केली नाही.

*

दुसऱ्या दिवशी शेजवळ पुण्याहून आले. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. चेहऱ्यावरून हा माणूस रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. तरी मी संशय सोडला नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं," मी म्हटलं.

"इतकं नाही. वेदनेचे दोन भाग असतात बंडगरबाई. एक नुसतं दुखणं. ते त्वचेपासून मेंदूपर्यंत जातं, त्याला पट्टी हात लावत नाही. दुसरा भाग म्हणजे हे मला होतंय, हे थांबायला पाहिजे, असं वाटणं. तिथेच तो कातणारा भाग येतो. आम्ही तो शांत केला मरणाची भीती जावी म्हणून. त्याबरोबर पायाची काळजीही जाते, हे आमच्या चाचण्यांत दिसलं नाही. कारण चाचण्यांत रोज कुणीतरी विचारत होतं, काही त्रास होतोय का? माणसं विचारल्यावर सांगत होती."

"आणि इथे विचारायचं बंद झालं, कारण कुणी तक्रारच करत नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझे वडील शेवटचे तीन आठवडे ओरडत होते. मला धरा, मला धरा, असं. इंजेक्शन दिलं की झोपायचे, उठले की परत तेच. त्यांच्यासाठी मी हे केलं. तुम्हाला वाटतं तसा मी काही विकायला निघालेलो नाही."

माझ्यातली चौकशी करणारी बाई काही केल्या गप्प बसत नाही. "मग धरलंत का त्यांना?"

"मी प्रयोगशाळेत असायचो," ते म्हणाले. मला त्यांची दया आली, आणि प्रश्नाची लाजही वाटली. पण पुढच्याच वाक्याला त्यांनी माझी दया घालवली.

"यावर उपाय आहे. पट्टीतच एक आवाज बसवू. रोज सकाळी तो विचारेल, कुठे दुखतंय का? उत्तर थेट डॉक्टरांकडे जाईल. माणूस लागणारच नाही."

हा माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. मी घरी जाऊन अहवाल लिहिला. पट्टी काम करते. ज्यांना मरणाच्या भीतीनं खरोखर जगणं अशक्य झालंय त्यांना ती द्यावी. पण जिथे रोज शेजारी बसून विचारणारं जिवंत माणूस नाही तिथे एकही पट्टी देऊ नये, आणि पुढे ढकललेला विषय आधी घ्यावा. गुरवसरांच्या पायाचा फोटो जोडला. बिनमिठाच्या आमटीची हकीकतही लिहिली.

अहवाल पोचला आणि फोन सुरू झाले. मठांचे लोक म्हणाले, आश्रमाचा दोष आहे, पट्टीचा नाही. विवेकवादी म्हणाले, एका पायावरून निष्कर्ष काढता येत नाही. भंत्यांनी कळवलं, आम्ही फेरविचार करतो. कुणीतरी असंही म्हणालं की बाईची आई तिथेच आहे, तेव्हा अहवालच रद्द करा. निमंत्रक तर कळवळून म्हणाले, "बंडगरबाई, दोन वर्षांनी एकदा जमलं होतं हो! तुम्ही मोडायलाच आलात का?"

सगळे पुन्हा भांडायला लागले हे ऐकून मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

*

पण पुढच्या आठवड्यात मिरजेला गेले आणि आईच्या खोलीच्या दारातच मी थबकले.

वाडगा रिकामा, पालथा घालून ठेवला होता. खंडोबा देव्हाऱ्यात, पुसून कोरडा, कपाळाला ताजी हळद. आई खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती. खोलीत शिव्या नव्हत्या. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "आलीस?" म्हणाली. पाणी बदल म्हणाली नाही.

मी सरळ तिच्या मागे गेले आणि तिच्या केसांत बोटं घातली.

"काय गं, उवा बघतीस का?"

केस खोबरेल तेलाचे होते. जेल नव्हतं. पण धुतलं असेल, असं म्हणत मी तशीच कचेरीच्या बाजूला धावले. रेहाना व्हरांड्यात पट्ट्या पुसत होती.

"कुणी सही केली? मी नाही म्हटलं होतं ना रेहाना? तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी."

ती भांबावली. "ताई, काय झालं?"

"आईला पट्टी लावलीत तुम्ही. देव बाहेर काढलाय तिनं. भांडत नाहीये ती!"

"नाही हो ताई." रेहानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्लाची शपथ घेऊ का? कुणी हात लावला नाही मावशींना. परवा त्यांनी स्वतःच काढला देव. मला म्हणाल्या, रंजीला सांगू नको, आल्यावर मी सांगते. तुम्ही त्यांनाच का विचारत नाही?"

इतक्या लोकांना मी प्रश्न विचारले होते. मी सावकाश खोलीत परत गेले आणि आईच्या पुढ्यात, जमिनीवरच बसले.

"आई, देव का काढलास?"

"बस नीट. गार हाय फरशी." मग ती म्हणाली, "त्या गुरव मास्तराचा पाय बघितला मी. एवढं सडलं तरी बोलला न्हाई बाबा. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, त्येला तर पट्टी लावली व्हती. मला कुठं लावलीया? आन मी तरी काय करतीय? आठ वर्सं काळजात दुखतंय. खंडोबाला शिव्या देती, आमटीवरनं भांडती. पन माझं लेकरू गेलं, असं एकदा तरी तोंडानं बोललीया का मी?"

मी पालथ्या वाडग्याकडे बघितलं.

"तवाच कळलं व्हतं मला," आई म्हणाली. "बोट आली न्हाई त्या रातीच. आईला कळतंय गं. रागानं देव पान्यात घातला, चार दिसांनी काढनार व्हते. तर तू आलीस पुन्यासनं. आल्या आल्या वाडग्यातलं पानी बदललंस. एवढं जपून, जसं काय दिगूलाच आंघोळ घालतीस. मला वाटलं, हिचा जीव अडकलाय त्येच्यात. ही एवढी शिकल्याली, लोकांची लबाडी पकडनारी, पन भावाच्या पायी आशा सोडंना. मग कसा काढू? म्हनून ठिवला."

"मी तुझ्यासाठी बदलत होते," मी म्हटलं. "आई, मी तुझ्यासाठी बदलत होते पाणी."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे करून माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

आठ वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना राखलं होतं. पट्टी नव्हती, ध्वनिलहरी नव्हत्या, तरीही गुरवसरांसारखंच, न बोलता. मला तिच्या दुखण्याची एवढी भीती वाटत होती की मी ते कधी विचारलंच नाही. सगळ्या जगाला संशयानं खोदून विचारणारी मी, आणि माझ्या आईला एक प्रश्न मला विचारता आला नव्हता. तो मी आत्ता विचारला.

"आई, दिगू गेला, नाही का गं?"

"गेला गं बाई," आई म्हणाली. "माझं सोन्यासारखं लेकरू गेलं."

मग माझ्या तोंडून असा आवाज निघाला जो मी आयुष्यात कधी काढला नव्हता. मी आईच्या मांडीवर डोकं घातलं आणि मोठ्यानं रडायला लागले. दिगूला पोहायला मीच शिकवलं होतं. त्याला दुधावरची साय आवडायची. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता आणि त्याची बोट मला कधी सापडणार नव्हती. आईही रडत होती, आणि रडता रडता मला थोपटत होती. भिंतीपलीकडून कुणीतरी काठीनं ठोकलं. बाहेर दारं उघडल्याचे आवाज आले.

रेहाना आत आली. तिच्या हातात पट्टी होती, जेलची बाटली होती. ती माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"मावशी, ऑफिसातनं पाठवलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रडण्याचा आवाज लांबपर्यंत जातोय म्हणाले. पट्टी तुम्हाला नाही. ताईंना फार त्रास होतोय, तर त्यांना थोडा वेळ लावून बघू का, म्हणून विचारलंय."

मी डोकं वर केलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती पट्टी हवीशी वाटली. छातीत जे चाललं होतं ते कुणीही थांबवलं असतं तर मी कुठल्याही कागदावर सही केली असती. मी हात पुढे केलाही असेल.

आईनं माझा हात धरून खाली घेतला.

"नको. जा सांग त्यास्नी," ती म्हणाली. "माझी लेक आत्ता कुठं रडाय लागलीया. तिचं झालं की माझं ऱ्हायलंय." रेहाना जायला वळली. "आन तू कुठं चाललीस? ती पट्टी ठेव भायेर, आन ये, बस आमच्याजवळ."